जागेपणाची फसवी झूल

मद्यप्राशन वाईट, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. चहा-कॉफीविषयीं मात्र आपल्या घरांत तितका कडक निर्बंध नसतो. किंबहुना सकाळचा कप चुकला तर वडील मंडळींचाच पारा चढतो. परंतु मद्य आणि कॉफींतील उत्तेजक द्रव्य, म्हणजे कॅफीन, हीं एका पात्रांत मिसळलीं म्हणजे काय होतें, ह्याचा विचार फारसा होत नाहीं. नातवंडें शिक्षणासाठीं परदेशीं जात असतां तो करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अमेरिकेंत ‘फोर लोको’ नांवाचें असें पेय डब्यांतून विकलें जात असे. डब्यांत सुमारें ७०० मिलिलिटर पेय, त्यांत शेंकडा १२ पर्यंत मद्यार्क, जोडीला कॅफीन, आणि वर फळांचा गोड स्वाद. ऑक्टोबर २०१० मध्यें वॉशिंग्टन राज्यांतील रॉझलिन गांवीं एका मेजवानीनंतर सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नऊ विद्यार्थ्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कोणी तरी पेयांत गुंगीचें औषध कालवलें असावें, असा प्रथम संशय आला. तपासांत तसलें कांहीं सांपडलें नाहीं. इतर मद्येंही तेथें होतीं. तथापि रोख मुख्यतः ह्याच पेयाकडे वळला. त्याच वर्षीं १७ नोव्हेंबर रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें अशीं पेयें करणाऱ्या चार कंपन्यांस इशारापत्रें धाडलीं, आणि त्याच सुमारास ‘फोर लोको’मधून कॅफीन काढून टाकण्यांत आलें.

ह्यांतील मर्म काय? मेंदूंत दिवसभर ‘अडेनोसीन’ नांवाचें द्रव्य सांचत जाऊन झोंपेची सूचना देतें. कॅफीन त्याची जागा अडवून बसतें, म्हणून झोंप लांबते. मद्य मात्र रक्तांत भिनलेलेंच राहतें. यकृत तें आपल्या संथ गतीनेंच पचवितें, आणि कॉफीनें ती गति वाढत नाहीं. म्हणजे तोल व विवेक गेलेलेच असतात. फक्त पेंग येत नाहीं. पेंग ही निसर्गानें ठेवलेली पहारेकरीण. तिलाच घालवून दिल्यावर चोरास मोकळें रान! ‘मी शुद्धीवर आहें’ असें समजून मनुष्य आणखी पितो, आणि निर्धास्तपणें मोटार हांकावयास बसतो.

चरकसंहितेंत विरुद्धाहाराचा विचार आला आहे. मध व तूप समप्रमाणांत घेऊं नये, हें आपल्या आजीबाईंनाही ठाऊक असतें. तेथें दोन्ही पदार्थ एरवीं पथ्यकर; येथें तर एक मुळांतच घातक, आणि दुसरा त्याचें घातकपण झांकणारा.

डब्यांतील कॅफीन गेलें, तरी मद्यांत ‘एनर्जी ड्रिंक’ ओतून पिण्याची रीत राहिलीच आहे. मेजावरील पेल्यापर्यंत कायदा कसा पोंचणार? पोंचेल तर घरांतील शब्दच. म्हणून मुलांस ‘पिऊं नकोस’ एवढेंच सांगून थांबूं नये; कारणही समजावून द्यावें. कडक कॉफीनें नशा उतरते, ही समजूत आपण स्वतःही टाकावी. सोबती हांक मारूनही जागा होत नसेल, तर त्यास कॉफी पाजूं नये; कुशीवर निजवावें, एकटें सोडूं नये, तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. आणि घरीं कळेल ह्या भीतीनें ती मदत क्षणभरही लांबवूं नये, असें त्यांस आजच निक्षून सांगावें. रागवावयास पुढें पुष्कळ वेळ मिळतो.