रस्त्यांत बंद पडलेली गाडी व तिची निगा

मोटार ही वस्तु आतां केवळ श्रीमंतांची राहिलेली नाहीं. अंबरनाथ व मुरबाड तालुक्यांतील खेड्यांतून भाजी, दूध व भाताचीं पोतीं कल्याणच्या बाजारांत नेणारी पिकअप गाडी आज पुष्कळ घरांच्या दारीं बैलजोडीच्या जागीं उभी असते. बैल आजारी पडला तर काय करावें हें आमच्या शेतकरी बंधूंस पिढीजात ठाऊक आहे. परंतु गाडी रात्रीं रस्त्यांत बंद पडली तर काय करावें, हें ज्यानें त्यानें ठेंच खाऊनच शिकावें अशी स्थिति आहे. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी केली असून यंत्रविद्येचा तो पंडित नव्हे. तथापि राहणें उल्हासनगरच्या पांच नंबर कँपांत व शेती मुरबाडकडे, यामुळें त्याचें जाणेंयेणें नेहमीं गाडीनें होतें. आणि त्याच्या हातून एक चूक अशी झाली आहे कीं, ती सांगितल्यावांचून या विषयास हात घालणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं भाताची झोडणी आटोपून पुतण्यासह मी रात्रीं परत येत होतों. बारवी धरणाकडून बदलापुरास येणाऱ्या रस्त्यावर पिकअपचा मागचा टायर फुटला. गाडींत इशाऱ्याचा त्रिकोण नव्हता. तेव्हां सर्वत्र चालणाऱ्या वहिवाटीप्रमाणें गाडीच्या मागें चार मोठे दगड मांडले, त्यांवर ऐनाच्या फांद्या टाकल्या, व मोबाइलच्या उजेडांत अर्ध्या तासांत चाक बदललें. काम झाल्याच्या आनंदांत फांद्या दूर केल्या, दोन दगड लोटले, आणि दोन तेथेंच राहिले. पहाटे एक दूधवाला मोटारसायकलवरून त्यांवर आदळला. त्याचें खांद्याचें हाड मोडलें व दीड महिना त्याचा रतीब बंद राहिला. ही हकीकत आमच्या गड्याकडून चौथ्या दिवशीं कळली. त्याच्या घरीं जाऊन, ते दगड आमचे होते असें मीं सांगितलें. तो म्हणाला, “भाऊसाहेब, तुमचेच कशावरून? या रस्त्याला रोज कोणाचे ना कोणाचे दगड असतातच.” औषधपाण्याचा खर्च आम्हीं दिला, पण त्याच्या या उत्तरानें मनाचें समाधान झालें नाहीं, उलट तें अधिकच बोचलें.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, घडीचा त्रिकोण गाडींत असलाच पाहिजे. त्याची किंमत एका टायरच्या मानानें कांहींच नाहीं, व निघतांना तो उचलून घेण्याची आठवण राहते, कारण तो आपल्या पैशाचा असतो. गाडी बिघडल्याचें लक्षांत येतांच ती होईल तितकी डावीकडे, रस्त्याच्या कडेस, आणि साधल्यास वळणापासून दूर न्यावी. चाक फुटलें असलें तरी सावकाश शंभर पावलें गाडी चालविल्यास फार तर टायर व चाकाची कड खराब होईल. वळणावर उभें राहिल्यास जीव जाईल. चारी बाजूंचे पिंवळे दिवे एकदम उघडझांप करतील असें बटण प्रत्येक गाडींत असतें, तें दाबावें. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवूं नये. निदान पन्नास मीटर मागें, आणि रस्ता वळणाचा असल्यास वळणाच्याही अलीकडे ठेवावा. मागून येणाऱ्यास गाडी दिसण्यापूर्वीं त्रिकोण दिसला पाहिजे.

माणसांविषयीं आमच्या लोकांची एक संवय फार घातक आहे. गाडी बंद पडली कीं चार जण खालीं उतरून तिच्या मागेंच उभे राहतात व बोलत बसतात. त्यांच्या अंगानें मागचे दिवे झांकले जातात, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या तडाख्यांत प्रथम तेच सांपडतात. उतरावयाचें तें डाव्या दारानें, व उभें राहावयाचें तें रस्ता सोडून, कठडा असल्यास कठड्यापलीकडे. बायकामुलांस गाडींत बसवून ठेवणें सुरक्षित वाटतें, पण भरधाव रस्त्यावर तसें नाहीं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागतां येते; इतरत्र ११२, आणि कोणी जखमी असल्यास रुग्णवाहिकेसाठीं १०८.

चाक बदलण्याचें काम सोपें आहे, पण तें क्रमानें केलें पाहिजे. जमीन सपाट व घट्ट असावी. नांगरटीसारख्या मऊ मातींत जॅक रुततो व कलतो, तेव्हां त्याखालीं जाड फळी द्यावी. हातब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरांत ठेवावी, आणि जें चाक काढावयाचें त्याच्या तिरक्या दिशेच्या चाकास पुढेंमागें दगड लावावे. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच, चाक जमिनीवर असतांना, थोडे सैल करावे. पुष्कळ लोक आधीं गाडी उचलतात व मग पान्यावर पाय देऊन जोर करतात. त्या हिसक्यानें गाडी जॅकवरून घसरते. जॅक लावण्याची जागा सांगाड्याच्या मजबूत भागीं ठरलेली असते, ती दिवसा घरींच पाहून ठेवावी. गाडी उचलल्यावर सुटें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर पडेल, हातपायांवर पडणार नाहीं. जॅकवर उभ्या गाडीखालीं शरीराचा कोणताही भाग नेऊं नये, हें वेगळें सांगावयास नको. नवीन चाक चढवून नट समोरासमोरचे याप्रमाणें आवळावे, गाडी खालीं घ्यावी, मग पुन्हां पुरते आवळावे. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर आणखी एकदां पाहावे.

या जादा चाकास आपण स्टेपनी म्हणतों, त्या शब्दाची एक गंमत आहे. वेल्समधील लानेली या गांवीं स्टेपनी नांवाची आळी आहे. तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं जादा चाकाचा धंदा काढला व चाकास आळीचें नांव पडलें. आपल्याकडे मात्र तें अद्याप घरोघर चालू आहे. नांव टिकलें, परंतु तिच्यांत हवा भरण्याची आठवण राहिली नाहीं. आमच्या परिचयांतील दहा गाड्यांपैकीं निम्म्यांच्या स्टेपनींत हवा पुरती नसते.

इंजिन तापणें हा उन्हाळ्यांतील नेहमींचा प्रसंग होय. तापमानाचा कांटा लाल भागाकडे जाऊं लागतांच वातानुकूलन बंद करावें, गाडी सावलींत घ्यावी व इंजिन थांबवावें. यानंतर कांहींही करूं नये. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांवर जाऊनही तें उकळलेलें नसतें. झांकण फिरवितांच दाब जातो, त्याचीं क्षणांत वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. घरांतील प्रेशर कुकरचें झांकण शिटी चालू असतां कोणी उघडीत नाहीं, तोच न्याय येथें. अर्धापाऊण तास थांबावें, झांकण हातास थंड लागल्यावर जाड फडकें घेऊन सावकाश सोडावें, आणि थंड पाणी थोडें थोडें घालावें. लालबुंद तापलेल्या इंजिनावर बादली ओतणें म्हणजे तापल्या तव्यावर पाणी मारणें. धातूला चीर जाते व खर्च हजारांच्या घरांत पोहोंचतो.

ओतूर-जुन्नरकडे माळशेज घाटानें जाणाऱ्या बंधूंसाठीं उताराविषयीं दोन शब्द. चढतांना ज्या गिअरांत गाडी चढते, त्याच गिअरांत ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. डिझेल वाचविण्यासाठीं गिअर काढून गाडी उतारावर सोडणारे महाभाग पाहण्यांत येतात. आधुनिक इंजिन गिअरांत असतां व पाय उचललेला असतां इंधनाचा पुरवठा आपोआप थांबवितें, तेव्हां बचत तर होत नाहींच, उलट सर्व भार ब्रेकवर पडून ते तापतात व निकामी होतात. जळका वास येऊं लागला कीं सुरक्षित जागीं थांबून ब्रेक निवूं द्यावे. ब्रेक लागेनासाच झाला तर पायडल भरभर दाबून पाहावें, एकेक गिअर खालीं आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन मात्र बंद करूं नये. ब्रेकला मिळणारें साह्य व सुकाणूचा हलकेपणा इंजिनावर अवलंबून असतो. किल्ली फिरविली कीं दोन्हीही जातात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषितें व त्यामुळें उष्णतेनें त्यांत बुडबुडे होतात, म्हणून तें साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावें.

परंतु आमच्या भागांत खरें भय पाण्याचें आहे. उल्हास नदी कर्जत-नेरळवरून बदलापुराकडे येते व पावसाळ्यांत तिचें पाणी केव्हां पसरेल याचा नेम नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. जेथें आगगाडी थांबते, तेथें पिकअपची काय कथा? पुरानंतरच्या मदतीच्या फायली मीं नोकरींत असतां लिहिल्या आहेत. “फरशीवरून जात असतां” हे शब्द त्यांत वारंवार येत. फूटभर वाहतें पाणी लहान मोटारीस तरंगवूं लागतें, व दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांस ओढून नेतें. गाडी जड आहे म्हणून ती टिकेल हा समज चुकीचा आहे, कारण पोकळ असल्यामुळें ती पिंपाप्रमाणें उचलली जाते. शिवाय गढूळ पाण्याखालीं फरशी शिल्लक आहे कीं वाहून गेली, हें वरून कळत नाहीं. खुणेचे दगड दिसेनासे झाले कीं मागें फिरावें. भाजी नासेल, ती नासूं द्यावी.

साचलेल्या पाण्यांत इंजिन बंद पडलें तर तें पुन्हां सुरू करण्याचा मोह टाळावा. हवेच्या नळींतून पाणी सिलिंडरांत गेलेलें असतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. मग आंतील दांडे वांकतात व इंजिनाचें काम नव्यानें करावें लागतें. गाडी ढकलून वा ओढून बाहेर काढावी व कारागिराकडे द्यावी. पाणी दारापर्यंत चढूं लागलें तर गाडीची पर्वा न करतां कांच उघडून बाहेर पडावें, कारण विजेवर चालणाऱ्या कांचा थोड्याच वेळांत निकामी होतात व दार पाण्याच्या दाबानें उघडत नाहीं.

बॅटरी उतरली असतां दुसऱ्या गाडीची वीज घेतांना लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास, मग चांगलीच्या धन अग्रास लावावी. काळी तार चांगलीच्या ऋण अग्रास व तिचें शेवटचें टोंक बंद गाडीच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावें. बॅटरींतून जळणारा वायु निघत असतो व शेवटच्या जोडणीस ठिणगी उडते, एवढेंच यांतील कारण. जवळ विडी ओढणारास दूर पाठवावें.

राहतां राहिली निगा. टायरमधील हवा सकाळीं, चाकें थंड असतांना पाहावी. किती हवी तें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. नक्षीची खोली मोटारीस १.६ मिलिमीटरहून कमी झाली कीं तो टायर कायद्यानेंही बाद होय. बैल घेतांना आपण दांत पाहतों, तसें टायर घेतांना त्याच्या कडेवरील चार आंकडे पाहावे. २३१९ असें असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला आहे. नक्षी उत्तम असली तरी जुनें रबर तडकतें; आमच्या फुटलेल्या टायरचें वय मीं नंतर पाहिलें तें नऊ वर्षें निघालें. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागें तांबडे परावर्तक लावणें, ऊस-पेंढा भरतांना ते झांकूं न देणें, हें तर चार रुपयांचें काम आहे, आणि तरीही संध्याकाळीं या रस्त्यावर आंधळ्या ट्रॉल्या किती दिसतात!

वाटेंत दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या खेपा घालाव्या लागतील या भीतीनें लोक पुढें निघून जातात. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४ अ हें कलम आलें असून सद्भावनेनें मदत करणारावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. नांव सांगण्याचीही सक्ति नाहीं. २०२५ पासून अपघातांतील जखमींस पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरतां मिळण्याची केंद्र सरकारची योजनाही झाली आहे. त्या पहाटे दूधवाल्यास रस्त्यावरून उचलून नेणारा एक रिक्षावाला होता. त्याचें नांव कोणासच ठाऊक नाहीं. जातांना त्यानें ते दोन दगडही ओढ्यांत टाकून दिले होते.