तेंग्कू आमिर हम्जा : मलय राजपुत्र आणि राष्ट्रभाषेची घडण

मलय भाषेत ‘चिंता’ ह्या शब्दाचा अर्थ ‘प्रेम’ असा आहे, आणि ‘सुन्यी’ म्हणजे निर्जन, निःशब्द. पहिला शब्द संस्कृत ‘चिंता’ होय, दुसरा ‘शून्य’. मराठीत आपण ‘चिंता’ काळजीपुरती राखली. मलय भाषकांनी तीच काळजी प्रिय व्यक्तीच्या ध्यासापर्यंत नेली. आधुनिक मलय काव्यातील सर्वांत नावाजलेल्या संग्रहांपैकी एक म्हणजे ‘न्यान्यी सुन्यी’, अर्थात एकांताचे गाणे. त्याचा कर्ता तेंग्कू आमिर हम्जा हा सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लंकात ह्या सल्तनतीचा राजपुत्र होता. त्याच्या चरित्राकडे भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे ह्यास कारण आहे. एखादी भाषा ‘राष्ट्रभाषा’ होते तेव्हा ती ज्यांची पिढीजात मातृभाषा असते त्यांचे काय होते, हा प्रश्न ह्या एका आयुष्यात अतिशय कठोर रूपाने उभा राहतो.

आमिर हम्जाचा जन्म १९११ साली तांजुंग पुरा येथे झाला. ‘पांगेरान इंद्र पुतेरा’ हा त्याचा दरबारी किताब. त्यातील ‘पुतेरा’ म्हणजे आपला पुत्रच. घराणे इस्लामनिष्ठ, आणि जुन्या मलय ग्रंथांचे वाचन हा घरातील नित्याचा परिपाठ. लंकात हे साधे संस्थान नव्हते. ‘रॉयल डच’ ह्या तेलकंपनीचा प्रारंभ १८९० साली तेथीलच तेलक्षेत्राच्या आधारावर झाला, आणि भोवती तंबाखूचे विस्तीर्ण मळे होते. सुलतानाची संपत्ती ह्या सवलतींच्या उत्पन्नातून येई. मळ्यांवर राबणारे मजूर मात्र बहुतांशी जावाहून आणलेले असत. हा विरोध पुढे फार महाग पडावयाचा होता.

शिक्षणासाठी आमिर जावा बेटात गेला. सोलो येथे त्याने पौर्वात्य साहित्याची शाखा घेतली आणि तेथेच तो ‘इंडोनेशिया मुदा’ ह्या तरुणांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यात पडला. नंतर बटाव्हियात कायद्याचा अभ्यास चालू असता जुलै १९३३ मध्ये सुतान ताकदिर अलिस्याहबाना आणि आर्मेइन पाने ह्यांच्या सहकार्याने ‘पुजांग्गा बारू’ हे मासिक निघाले. ‘बारू’ म्हणजे नवा. ‘पुजांग्गा’ची व्युत्पत्ती मौजेची आहे : मूळ संस्कृत ‘भुजंग’, जावी भाषेत त्याचा अर्थ विद्वान, धर्मज्ञ असा झाला आणि शेवटी कवी. सर्पाचा कवी कसा झाला, हा अर्थविचाराच्या विद्यार्थ्यास चांगला विषय आहे. येथे त्यात शिरत नाही.

त्यापूर्वी पाच वर्षे, २८ ऑक्टोबर १९२८ रोजी, तरुणांच्या परिषदेने एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एक भाषा ह्यांची शपथ घेतली होती. ती भाषा जावी नव्हे. जावी भाषकांची संख्या सर्वाधिक. परंतु त्या भाषेत श्रोत्याच्या दर्जानुसार शब्दच बदलतात, आणि समान नागरिकांच्या व्यवहारास ही रचना अडचणीची. मलय ही बंदरोबंदरीच्या व्यापाराची भाषा म्हणून आधीच सर्वत्र पोहोचलेली होती. तथापि बाजारातील मलय आणि दरबारातील मलय ह्यांत मोठे अंतर होते. अलिस्याहबाना ह्यांस भाषा पश्चिमेच्या बुद्धिवादी संस्कृतीचे वाहन व्हावी असे वाटे. त्यांनी पुढे १९४९ साली तिचे नवे व्याकरणही लिहिले. आमिरने दुसरी बाजू सांभाळली. जुन्या ग्रंथांतील विस्मृत शब्द, पांतुनसारख्या लोकछंदांची लय, जावी व संस्कृत शब्द हे सारे त्याने नव्या कवितेत आणले. भाषेला व्याकरण देता येते, स्मृती मात्र तिच्या जुन्या वाङ्मयातूनच यावी लागते. ह्या दृष्टीने मला आमिरचे कार्य अलिस्याहबाना ह्यांच्या कार्याहून उणे वाटत नाही.

त्याने भगवद्गीतेचा मलय गद्यानुवाद ह्याच मासिकातून प्रसिद्ध केला. १९३९ सालच्या ‘सेतांगी तिमूर’मध्ये चीन, जपान, इराण, तुर्कस्तान आणि भारत येथील काव्याची भाषांतरे आहेत. स्वतःच्या कविता सुमारे पन्नासच. त्यांतील ईश्वर कधी दिव्यासारखा बोलावतो, कधी पडद्याआड लपतो. आपल्याकडील वाचकास येथे भक्तिकाव्याची आठवण होईल. परंतु ह्या प्रतिमांचा मुख्य आधार इस्लामी सूफी परंपरेत आहे, हे विसरता कामा नये.

१९३७ साली चुलता सुलतान महमूद ह्याने त्यास परत बोलाविले. राष्ट्रीय चळवळीतील त्याचा सहभाग डच अधिकाऱ्यांस खुपत होता. सोलोतील इलिक सुंदारी ह्या जावी युवतीवरील प्रेम मागे ठेवून त्याने सुलतानाची कन्या कामिलिया हिच्याशी विवाह केला आणि तो संस्थानाचा अधिकारी झाला. त्याच वर्षी ‘न्यान्यी सुन्यी’ प्रसिद्ध झाले. १९४१ सालच्या ‘बुआह रिंदू’ ह्या संग्रहाची अर्पणपत्रिका तिघांस आहे : इंडोनेशिया राष्ट्र, राणीमाता आणि सेंदारीदेवी. त्या तीन नावांत त्याची सारी ओढाताण दिसते.

जपानचा पाडाव झाल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने लंकातमधील आपला प्रतिनिधी म्हणून आमिरचीच नेमणूक केली. परंतु सुलतान डचांच्या पुनरागमनाची वाट पाहत आहेत, असा संशय बळावत होता. ३ मार्च १९४६ रोजी पूर्व सुमात्रात ‘सामाजिक क्रांती’चा उद्रेक झाला. राजघराण्यांतील माणसे पकडली गेली, वाडे लुटले गेले. प्रजासत्ताकाच्याच नावाने शस्त्र धरणाऱ्यांनी प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी पकडला. ह्या उठावामागे मळेपद्धतीने पोसलेला दीर्घ असंतोष होता, हे मान्य करावे लागते. परंतु त्या रोषाने किताब पाहिला, माणूस पाहिला नाही. २० मार्च रोजी कुआला बेगुमित येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. वय अवघे पस्तीस.

प्रेत सामुदायिक खड्ड्यात पुरले होते. पुढे अवशेषांची ओळख पटली आणि १९४९ साली तांजुंग पुरा येथील अझीझी मशिदीच्या आवारात त्यांचे दफन झाले. समीक्षक ह. ब. यासिन ह्यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यास ‘पुजांग्गा बारू’च्या कवींचा राजा म्हटले, आणि १९७५ साली इंडोनेशियाने त्यास राष्ट्रवीर घोषित केले.