गोठलेल्या द्राक्षांचे आसव : तीन देशांची तुलना

द्राक्षबागेवर हिम पडले की पीक बुडाले, असा सर्वत्र समज आहे. तथापि जर्मनी, ऑस्ट्रिया व कॅनडा या देशांत कित्येक बागाईतदार पिकलेले घड वेलीवरच राखून हिमाची वाट पाहतात. त्या घडांपासून होणाऱ्या गोड आसवास जर्मन भाषेत ‘आइस्वाइन’ म्हणतात. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एकच माल निरनिराळ्या हवेत कसा निपजतो, हे कास्तकारांस उद्बोधक वाटेल.

यातील तत्त्व सोपे आहे. कडाक्याच्या थंडीत मण्यांतील पाणी गोठते, पण साखर व आम्ल गोठत नाहीत. असे टणक मणी तत्काळ दाबले असता बर्फ चोथ्यात राहते व दाट रस तेवढा निथळतो. म्हणून तोडणी रात्री किंवा भल्या पहाटे करतात. ऊन लागल्यास रस पातळ होतो. आणेवारीच्या भाषेत सांगावयाचे, तर रसाचा उतारा नेहमीच्या मानाने रुपयास दोन-तीन आणेच पडतो.

कायदे बहुतांशी सारखे आहेत. तोडणीच्या वेळी जर्मनीत व ऑस्ट्रियात शून्याखाली ७ अंश, तर कॅनडात ८ अंश थंडी असावी लागते. रसातील साखर जर्मनीत ब्रिक्स मापाने सुमारे २६ ते ३०, ऑस्ट्रियात सुमारे ३०, आणि कॅनडात ३५ लागते. यंत्राने गोठविलेल्या द्राक्षांस हे नाव तिन्ही देशांत मिळत नाही.

खरा भेद द्राक्षाच्या जातीत व थंडीच्या भरवशात आहे. जर्मनीत रीझलिंग जात प्रमुख; तिच्या आसवात गोडीबरोबर तीव्र आंबटपणा असतो. कॅनडात विदाल ही जाड सालीची संकरित जात फार; तिचे आसव अधिक दाट असून त्यास जर्दाळू व आंब्यासारखा वास येतो.

बिंगेनजवळील ड्रोमर्सहाइम गावी १८३० च्या फेब्रुवारीत हे आसव काढल्याची नोंद आहे. पण त्याच जर्मनीत २०१९ च्या पिकापासून एकाही प्रांतात ते निघाले नाही. पुरेशी थंडीच पडली नाही. घड जितके दिवस लटकतात, तितके कूज, वारा व पाखरे यांचे भय वाढते. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात थंडी बहुधा चुकत नाही. परंतु पाखरे तेथेही आहेत. इनिस्किलिन कारखान्याचे १९८३ चे राखलेले पीक त्यांनीच फस्त केले. पुढील वर्षी जाळी लावून काम साधले, आणि १९८९ च्या मालास १९९१ साली बोर्दो येथील प्रदर्शनात मोठे बक्षीस मिळाले.

तात्पर्य, विद्या जुन्या देशाची, पण हवेचा भरवसा नव्या देशाकडे. आमच्या नाशिककडे असे हिम पडत नाही, तेव्हा हा धंदा येथे होणे नाही. मात्र चढ्या भावाच्या आशेने तयार माल वेलीवर थांबविण्यापूर्वी, दहा वर्षांत किती वेळा हवा साथ देते, हा हिशेब प्रत्येक बागाईतदाराने मांडावा, हे उत्तम.