फोनची वाट पाहणारा मुलगा

घटस्फोटाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा नवरा-बायकोची गोष्ट म्हणून सांगितली जाते. चूक कोणाची, सोसलं कोणी, पोटगी किती? मूल त्यात येतं ते ‘कोणाकडे राहणार’ एवढ्यापुरतंच.

मुलाच्या उंचीवरून हे सारं पाहणारी एक छोटी कादंबरी मला मोलाची वाटते. बेव्हर्ली क्लिअरी या अमेरिकन लेखिकेची ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ १९८३ साली आली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. आईवडील वेगळे झालेल्या मुलावर लिहा, असं एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन मुलांनी क्लिअरीबाईंना कळवलं होतं. त्यातून ती जन्मली.

सहावीतला ली बॉट्स आईबरोबर कॅलिफोर्नियातल्या लहानशा गावात राहतो. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात; लाडका कुत्रा बँडिट त्यांच्याकडे. ली आवडत्या लेखकाला पत्रं लिहितो, मग त्याच्याच सांगण्यावरून रोजनिशी. शाळेत त्याच्या डब्यातले चांगले पदार्थ कोणीतरी पळवतं. तो डब्याला बॅटरीवरची घंटा बसवतो. डब्याचा प्रश्न असा सुटतो, पण वडिलांचा ठरलेला फोन येत नाही, त्यावर कुठली घंटा बसवणार? शेवटी न राहवून तोच फोन लावतो, तेव्हा पलीकडून दुसऱ्याच एका मुलाचा आवाज ऐकू येतो.

एरिक केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९४९ सालच्या कादंबरीत जुळ्या बहिणी दुरावलेल्या आईवडिलांना पुन्हा एकत्र आणतात. वाचताना आनंद होतो. पण ज्या मुलाचे आईवडील एकत्र येणार नाहीत, त्याला वाटू शकतं, की आपलेच प्रयत्न कमी पडले. क्लिअरीबाई ही खोटी आशा दाखवत नाहीत. वडील बँडिटला घेऊन येतात, आई पुन्हा संसाराला नकार देते आणि ली कुत्रा वडिलांनाच ठेवायला सांगतो. ट्रकमध्ये त्यांना सोबत हवी म्हणून. मोठ्यांना न जमलेलं शहाणपण पोर दाखवतं.

आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीचा घटस्फोट आला. मुलाच्या ताब्याबाबत शक्य तेथे त्याची इच्छाही कोर्ट विचारात घेतं. पण वेगळं व्हावं का, हे मुलाला कोणी विचारत नाही. विचारूही नये, ते ओझं त्याचं नाही. त्याला एवढं तरी द्यावं: खरं काय ते, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावं, आणि बुधवारी फोन करतो म्हटलं, तर बुधवारी करावा.