फुकटाची फुकटाशी लढाई

लिबरऑफिस हे मुक्त, फुकट ऑफिस-सॉफ्टवेअर आपल्याकडे का रुजलं नाही, याचं शहरातल्या जाणकारांकडे एक ठरीव उत्तर असतं: फुकटच्या वस्तूला दर्जा नसतो. डोंगरकडा गावात बसून मला ते कधीच पटलं नाही. वारंगा फाट्यापासून अर्धापूरपर्यंत झेरॉक्सच्या किती दुकानांत ऑफिसची विकत घेतलेली प्रत होती? संगणक जोडून देणारा पोरगा विंडोजबरोबर वर्ड-एक्सेलही टाकून जायचा. म्हणजे लढाई फुकटाची फुकटाशीच होती, आणि त्यात एका बाजूला मराठी फॉन्ट होते.

लिबरऑफिसचं मूळ ओपनऑफिसमध्ये. जर्मनीतलं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन या कंपनीने घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा सोर्सकोड खुला केला; तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या हाती गेली आणि कंटाळलेल्या ओपनऑफिसवाल्या मंडळींनी लिबरऑफिसचा वेगळा संसार थाटला. २०१० च्या आधीच्या त्याच दशकात आपल्याकडे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले आणि सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं. तिथे पोरं वर्ड-एक्सेल शिकली, तेवढाच त्यांचा संगणक झाला.

खरी मेख फॉन्टची. सीडॅकचं आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती: लग्नपत्रिका, ग्रामसभेचं इतिवृत्त, पतसंस्थेचा अहवाल, सगळं यांच्यावर. ही मंडळी विंडोजवर नांदायची. बोटांना बसलेला कळफलक सोडायचा कोणी? वर एकाच्या फॉन्टमधली फाइल दुसरा फॉन्ट असलेल्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसायचा. यावरचा इलाज युनिकोड, हे मी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत कंठशोष करून सांगत आलो. एकदा इनस्क्रिप्ट कळफलक हाताला बसला की वर्ड असो की ओपनऑफिस, मराठी तीच राहते. गुरुजी माना डोलवायचे आणि घरी जाऊन जुन्याच फॉन्टात प्रश्नपत्रिका काढायचे. ओपनऑफिसमध्ये जोडाक्षरं तुटायची, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे अक्षरमांडणीला हार्फबझ हे एकच इंजिन लावलं आणि देवनागरी सगळीकडे सारखी दिसू लागली. तोवर आमचे बहुतेक गुरुजी निवृत्त झाले होते!

दर्जाचं तुणतुणं वाजवणाऱ्यांनी एकदा न्यायालयांकडे पाहावं. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबुंटू ही मुक्त प्रणाली आली, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या एनआयसीत मुक्त साधनांवर घडली. निकालपत्रं मुक्त प्रणालीवर टंकून होतात; शाळेच्या मासिक पत्रकाला ती चालू नये?

फाइलच्या साच्याबद्दल तर भारताने जगात आवाज उठवला होता, हे आज कोणाला आठवतं? मुक्त गोटाचा ओडीएफ हा साचा २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. मायक्रोसॉफ्टने आपलाही साचा पुढे केला, तेव्हा भारतीय मानक ब्युरोने २००७ मध्ये विरोधी मत दिलं आणि २००८ मध्येही ते बदललं नाही. तरी तो मंजूर झाला. मग ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारताने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. आज लिबरऑफिसमध्ये सरकारी पत्रक उघडलं की तक्त्याच्या रेघा सरकतात, त्याचं मूळ या पराभवात आहे. दोष मात्र लिबरऑफिसच्या माथी.

आता नवी टूम स्वदेशीची. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपलं काम झोहोवर नेल्याचं जाहीर केलं आणि आमच्यातलेच काही जुने मुक्तवाले टाळ्या वाजवू लागले. झोहो गुणी आहे, तमिळनाडूतून जग गाठलेली कंपनी आहे. पण तिच्या ऑफिसचा सोर्सकोड खुला नाही आणि फाइल तिच्याच सर्व्हरवर. मालक बदलला, एवढंच. तरुण गुरुजींना तर हा वादच कळत नाही. माहिती मागवणारी गूगल शीटची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ते मोबाइलवरच आकडे भरतात. गेल्या वर्षीचं पत्रक मागितलं तर म्हणतात, ‘सर, ती लिंक आता उघडत नाही.’