यंत्रयोद्धे आणि त्यांचे कारागीर

खेळ म्हणजे मैदानांत उतरून खेळण्याची गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून मैदानांत पाऊल टाकण्यापूर्वीं तासभर आंकडेमोड करीत बसणारा खेळाडू पाहिला कीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांना नवल वाटतें. संगणकाच्या पडद्यावर एक अवाढव्य पोलादी पुरुषाकृति उभी असते. मुलगा तिच्या दंडांतील एक तोफ काढतो, त्या जागीं दुसरी बसवितो, पायांवरचें चिलखत थोडें कमी करतो, वजनाचा आंकडा पाहतो, आणि मान हलवून पुनः पहिलीच तोफ बसवितो. एवढ्या खटाटोपानंतर जी लढाई व्हावयाची ती फार तर पंधरा मिनिटांची! मग ही गोडी नेमकी कशाची? लढाईची, कीं लढाईच्या तयारीची? आणि तयारी जर एकट्याची, तर लढाई मात्र संघानें कां करावयाची? ऑनलाइन खेळांच्या आजच्या पसाऱ्यांत या एका प्रकाराचें मर्म समजून घेण्यासाठीं हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.

या पोलादी पुरुषाला 'मेक' म्हणतात. यंत्रवाचक इंग्रजी शब्दाचें जपानी भाषेंत 'मेका' असें संक्षिप्त रूप झालें, त्याचाच हा भाऊ. जपानमध्यें मित्सुतेरु योकोयामा यांनीं 1956 सालीं सुरू केलेल्या 'तेत्सुजिन 28' या चित्रकथेंत राक्षसी यंत्रमानव होता. परंतु तो दुरून चालविला जाई. 1972 सालीं गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड' मध्यें नायक यंत्राच्या मस्तकांतच जाऊन बसला, आणि येथें मोठाच फरक पडला. दुरून चालविलेलें यंत्र हें चाकर होय. आंत बसून चालविलेलें यंत्र हें दुसरें शरीर होय. त्याला लागलेला घाव चालकाला जाणवतो, त्याचें सामर्थ्य तें चालकाचें सामर्थ्य होतें. रथी आणि सारथी या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. पुढें 1979 सालच्या 'मोबाइल सूट गुंडम' या दूरचित्रवाणी मालिकेनें या यंत्रांना युद्धांतील सामान्य हत्याराचें रूप दिलें, आणि 1980 पासून त्यांचे सुटे भाग जोडून करावयाचे प्लॅस्टिकचे नमुने बाजारांत आले. हीं यंत्रें हातानें जोडण्याची हौस अशा रीतीनें पडद्यावरील खेळापेक्षां जुनी आहे.

ही हौस नियमांत बसविण्याचें काम अमेरिकेंत झालें. शिकागो येथील फासा या संस्थेनें 1984 मध्यें एक बैठा खेळ काढला. पुढच्याच वर्षीं त्याला 'बॅटलटेक' हें नांव मिळालें. षट्कोनी घरांच्या नकाशावर सोंगट्या मांडून, फांसे टाकून तो खेळावयाचा. 1989 सालीं त्याच कल्पनाविश्वावर 'मेकवॉरियर' हा संगणकावरील खेळ निघाला. 1990 मध्यें शिकागोंतच एक केंद्र उघडलें. तेथें बंदिस्त चालककक्षांत बसून अनेक खेळाडू जोडलेल्या यंत्रांवरून एकमेकांशीं झुंजूं लागले. याच वंशांतील 'मेकवॉरियर ऑनलाइन' हा खेळ कॅनडांतील पिरान्हा गेम्स या संस्थेनें 2013 सालीं रीतसर सुरू केला. त्यांत बारा विरुद्ध बारा असा नेहमींचा सामना असतो, आणि एकदां यंत्र पडलें कीं त्या सामन्यांत त्या खेळाडूला पुनर्जन्म नाहीं.

या खेळाचा पाया म्हणजे वजनाचा हिशेब. वीस टनांपासून शंभर टनांपर्यंत यंत्रांचे आकार ठरलेले आहेत: पस्तीस टनांपर्यंत हलकीं, पंचावन्नपर्यंत मध्यम, पंचाहत्तरपर्यंत भारी, आणि त्यापुढें महाकाय. ठरलेल्या वजनांत इंजिन, चिलखत, शस्त्रें, दारूगोळा आणि उष्णता बाहेर टाकणारीं साधनें हें सारें बसवावें लागतें. प्रवासाची वळकटी बांधतांना जो पेंच पडतो तोच येथें पडतो. प्रत्येक वस्तु उपयोगाची असते. पण एक आंत घालावी तर दुसरी बाहेर राहते. मोठें इंजिन घ्यावें तर वेग वाढतो, पण तोफेला वजन उरत नाहीं. चिलखत जाड करावें तर दारूगोळा कमी पडतो. लेझरला दारूगोळा लागत नाहीं, परंतु तो यंत्र तापवितो. आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं यंत्र ऐन शत्रूसमोर आपोआप बंद पडतें. त्यांतहि गंमत अशी कीं, नेहमींच्या सामन्यांत यंत्र निवडून झाल्यावरच रणभूमि कोणती तें कळतें. बर्फाळ शहरांत सुखानें चालणारें यंत्र ज्वालामुखीच्या प्रदेशांत धापा टाकूं लागतें.

एका यंत्राचें उदाहरण घेतल्यास हा हिशेब नीट उमगेल. 'हंचबॅक' म्हणजे कुबडा या नांवाचें पन्नास टनांचें एक मध्यम यंत्र आहे. त्याच्या एका जातीच्या उजव्या खांद्यावर अजस्र तोफ असते आणि तिच्यामुळेंच त्याला कुबड आलेलें दिसतें. ही तोफ एकटी चौदा टनांची आहे. तिचा मारा जबरदस्त. पण तो पूर्ण परिणामकारक असतो फक्त दोनशें सत्तर मीटरपर्यंत. म्हणजे जवळ गेल्याखेरीज उपयोग नाहीं, आणि जवळ जाण्यासाठीं वेग हवा. वेगासाठीं मोठें पण वजनानें हलकें इंजिन मिळतें. तें साध्या इंजिनाच्या निम्म्या वजनाचें असतें. मग तेंच कां घेऊं नये? कारण वजनाबरोबर जागेचाहि हिशेब आहे. छातीच्या उजव्या भागांत एकंदर बारा खण. पैकीं तोफ दहा खण अडविते, आणि हें हलकें इंजिन दोन्ही बाजूंस तीन-तीन खण मागतें. दहा आणि तीन मिळून तेरा. बारांत तेरा मावत नाहींत! म्हणून या कुबड्याला अधिक जड जातीचें इंजिन घेऊन आपली चाल बेताचीच ठेवावी लागते. मात्र या तोट्यांत एक लाभ दडलेला आहे. तें अति-हलकें इंजिन बाजूंत पसरलेलें असल्यानें छातीची एक बाजू फुटली तरी यंत्राचा प्राण जातो. कुबड्याचें साधें इंजिन मधल्या भागांत सुरक्षित असतें. खांदा फुटून तोफ गेली तरी तो उभा राहतो आणि उरलेल्या लेझरांनीं लढतो. शत्रूलाहि हें ठाऊक असतें, म्हणून तो प्रथम त्या कुबडावरच नेम धरतो. हें ओळखून चतुर चालक गोळी झाडतांच अंग वळवितो आणि डावा खांदा पुढें करून मार त्यावर झेलतो. पहा, एका खणाच्या अडचणींतून यंत्राची चाल, त्याची लढण्याची रीत आणि शत्रूची युक्ति, सर्व कांहीं ठरून गेलें.

येथें या खेळाचें पहिलें मर्म सांपडतें. अमर्याद स्वातंत्र्य मनुष्याला फार वेळ रमवीत नाहीं. मर्यादेंतलें स्वातंत्र्य रमवितें. सर्व शस्त्रें फुकट आणि वजनरहित असतीं, तर यंत्र जडविण्यांत विचाराला वावच नव्हता. निवड करावी लागते म्हणून निवडीला अर्थ येतो, आणि ती निवड कोणाची हें यंत्राच्या अंगावर लिहिलेलें राहतें. एक खेळाडू चिलखतावर वजन खर्च करतो, दुसरा वेगावर. सावधपणा आणि साहस हे स्वभाव टनांच्या भाषेंत उमटतात. शिवाय परीक्षा लांब नसते. पंधरा मिनिटांच्या आंत रणभूमि निकाल देते, आणि हरलेला खेळाडू चूक कोठें झाली हें शोधीत पुनः कारखान्यांत येतो. तर्क, प्रयोग आणि सुधारणा हा क्रम शास्त्रज्ञाचा आहे, तसाच मांज्याची धार आणि पतंगाची कणी पुनः पुनः बदलून पाहणाऱ्या मुलाचाहि आहे.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनींहि या ओढीचा विचार केला आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांनीं 2012 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सुटे भाग जोडून पेट्या करावयास आणि कागदाच्या घड्या घालून आकृत्या करावयास दिल्या. स्वतः केलेल्या वस्तूची किंमत लोक अधिक मानतात, असें त्यांना आढळलें. पण काम पुरें झालें तरच. अर्धवट राहिलेल्या किंवा मोडून टाकलेल्या वस्तूविषयीं ती माया दिसली नाहीं. त्यापूर्वीं 2006 सालीं रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनीं संगणकावरील खेळांच्या आकर्षणाचा अभ्यास करून मनुष्याच्या तीन गरजांकडे बोट दाखविलें: आपला निर्णय आपण घेणें, आपल्याला कांहीं नीट साधणें, आणि दुसऱ्यांशीं नातें जडणें. मेकच्या खेळांत पहिली गरज कारखान्यांत भागते, दुसरी रणभूमीवर; तिसरीसाठीं संघ लागतो.

संघ आला कीं यंत्राचा अर्थच बदलतो. एकट्यानें लढावयाचें तर प्रत्येकजण सर्वगुणसंपन्न यंत्र बांधूं पाहील, आणि सर्वांचीं यंत्रें सारखींच होतील. बाराजणांत मात्र उणेपणा परवडतो, कारण तो दुसरा भरून काढतो. लांब पल्ल्याचीं क्षेपणास्त्रें टेकडीच्या आडून सोडतां येतात. परंतु आड बसलेल्याला शत्रु दिसत नाहीं. त्यासाठीं पस्तीस टनांचा एखादा चपळ हेर पुढें जाऊन शत्रूवर दृष्टि रोखून धरतो, आणि त्याच्या डोळ्यांनीं पाहून मागचा सोबती मारा करतो. शंभर टनांचें महाकाय यंत्र सर्वांत बलवान खरें, पण सर्वांत मंदहि. त्याला मागें टाकून सारे धावले तर शत्रूचीं हलकीं यंत्रें त्याला पाठीकडून गाठतात. म्हणून अनुभवी संघ आपल्यांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे पाहून आपला वेग ठरवितो. एकत्र कुटुंबाच्या यात्रेचा नियमहि याहून निराळा नाहीं.

संघभावनेचा याहून सूक्ष्म प्रयोग जपानच्या फ्रॉम सॉफ्टवेअर या संस्थेनें 2006 सालच्या 'क्रोमहाउंड्स' या खेळांत केला. सेगा कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या या खेळांत शिपाई, दूरचा नेमबाज, रक्षक, हेर, जड तोफखाना आणि सेनानायक अशा सहा भूमिका होत्या. विशेष हा कीं, सोबत्यांशीं बोलणेंहि तेथें आयतें मिळत नसे. रणभूमीवर संदेशवहनाचे मनोरे असत. ते काबीज केल्यावर त्यांच्या टप्प्यांतील खेळाडूंनाच एकमेकांचा आवाज ऐकूं येई. टप्प्याबाहेर गेलेला खेळाडू एकाएकीं निःशब्द अरण्यांत एकटा पडे. सेनानायकाच्या यंत्रावर शस्त्रें बेताचीं असत. त्याचें बळ होतें तें माहितींत. ध्वनिलहरींचें मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कल्पनेची थोरवी निराळी सांगावयास नको.

या आकर्षणाला काळी बाजू नाहीं असें मात्र नव्हे. कोणती रचना सर्वांत प्रभावी याची चर्चा होतां होतां कांहीं थोड्या रचना प्रमाण ठरतात, आणि नवा खेळाडू विचार न करतां त्यांची नक्कल करतो. नक्कल केल्यानें जय मिळेलहि, पण ज्या निर्णयांत गोडी होती तो निर्णयच परक्याचा झाला. उलट, आपल्या हौसेखातर विचित्र यंत्र घेऊन येणारा खेळाडू अकरा सोबत्यांचा सामना धोक्यांत घालतो, आणि ते त्याला बोल लावतात. त्यांचा राग सर्वस्वीं अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. स्वतःची आवड आणि संघाचें हित यांतील ही ओढाताण कोणत्याहि नियमानें मिटत नाहीं. ती प्रत्येकानें प्रत्येक सामन्यांत नव्यानें सोडवावयाची असते. दुसरें असें कीं, अशा खेळांत प्रवेश फुकट ठेवून नवीं यंत्रें आणि अलंकार पैशांनीं विकण्याची पद्धत आहे. हौस कोठें संपते आणि खर्चाची संवय कोठें लागते, हें घरांतील मोठ्यांनीं पाहिलेंच पाहिजे. पण तें पाहण्यापूर्वीं मुलगा त्या कारखान्यांत काय करीत आहे हें समजून घेतलें, तर त्यांच्या शब्दाला अधिक वजन येईल.

आणि शेवटीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. 'क्रोमहाउंड्स'चे ऑनलाइन सर्व्हर 6 जानेवारी 2010 रोजीं बंद झाले. ज्या राष्ट्रांसाठीं खेळाडू झुंजले त्यांचें युद्ध त्या दिवशीं थांबलें. रात्री जागून जडविलेलीं यंत्रें उरलीं तरी त्यांना साजेशी रणभूमि उरली नाहीं, आणि मनोऱ्यांच्या टप्प्यांतील सोबत्यांचे आवाजहि विरले. लांकडाचा भोवरा किंवा कागदाचा पतंग नातवाच्या हातीं देतां येतो. दुसऱ्याच्या यंत्रागारांत वसलेला खेळ त्या यंत्रागाराच्या मालकाच्या मर्जीवर जगतो. तेव्हां अशा खेळांतून काय मिळवावयाचें तें खेळ चालू आहे तोंवरच मिळवावें लागतें. बारा खणांत तेरा मावत नाहींत हें ज्याला एकदां उमगलें, जें मावत नाहीं तें सोबत्याकडे आहे हें ज्याला दिसलें, आणि आपल्यापेक्षां सावकाश चालणाऱ्यासाठीं ज्यानें एकदां तरी पाऊल आंवरलें, त्याचें शिक्षण सर्व्हर बंद पडल्यानें नाहींसें होत नाहीं.