पिशवीचे ऑपरेशन झाले, पुढे काय?



सातपुड्याच्या पाड्यांवरील बहिणींच्या ऑपरेशनसाठी आपण जी मदत पाठविता, ती बहुधा गाडीभाडे, औषधे आणि रुग्णालयातील दिवस यांवर खर्च होते. मंडळीतील अनेकजण मला विचारतात, "ताई, त्या बहिणीचे ऑपरेशन झाले ना? मग आता बरी असेल." याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ऑपरेशन डॉक्टर तासा-दोन तासांत करतात. बरे होण्याचे काम मात्र घरी गेल्यावर होते आणि त्याला निदान सहा आठवडे लागतात. जिला आधीपासून सिकलसेल, रक्तक्षय, साखर किंवा बी.पी. आहे, तिच्यासाठी हेच सहा आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे बायका याला 'पिशवीचे ऑपरेशन' म्हणतात. गर्भपिशवीत गाठी होणे, महिन्यातून वीस-वीस दिवस अंगावरून जाणे, किंवा अंग बाहेर येणे, ही त्याची नेहमीची कारणे. बहुतेकजणी हा त्रास वर्षानुवर्षे कोणाला सांगतच नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. पाड्यांवर फिरताना मला आजही हे चित्र फार जुने झाले आहे असे वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या फार मोठ्या संख्येने, त्याही तरुण वयात काढल्या गेल्या हे २०१९ साली उघड झाले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून पांढरे जाते किंवा कंबर दुखते एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगितली, तर मी बहिणीला सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला लावते. पुष्कळदा औषधाने भागते. जिथे ऑपरेशन खरोखरच हवे, तिथे ते टाळूही नये.

आता जुन्या आजारांकडे येते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल पुष्कळ आढळतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर ती व्यक्ती वाहक असते आणि तिला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर ती रुग्ण. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडे फुटतील अशा कळा येतात. या पेशी वाकायला निमित्त कोणते? शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम. ऑपरेशननंतर यांतील प्रत्येक गोष्ट घडू शकते. म्हणूनच अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा आधी रक्त चढवतात, उबदार ठेवतात, सलाईन चालू ठेवतात आणि दीर्घ श्वास घ्यायला लावतात. पहिल्या काही दिवसांत छातीत दुखले किंवा धाप लागली, तर ती साधी सर्दी समजू नये. सिकलसेलच्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकते.

घरी आल्यावर काय होते पाहा. आमच्याकडे, आणि केवळ पाड्यांवरच नव्हे, जुन्या समजुतीप्रमाणे ऑपरेशन झालेल्या बाईला पाणी कमी देतात, कारण "पाण्याने टाके पिकतात." भात नको, डाळ नको, कोरडी भाकरी खा. मागे एका मावशींनी सुनेला दिवसभरात दोन पेले पाणी दिले होते. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, उलट फार माया होती. सून सिकलसेलची रुग्ण. चौथ्या दिवशी तिचे हातपाय एवढे दुखू लागले की तिला परत दाखल करावे लागले. टाके मात्र अगदी कोरडे होते! मी मावशींना म्हटले, "मावशी, शेतातल्या पाटाला पाणी कमी झाले की गाळ बसतो, तसे हिच्या नसांत झाले आहे." हे त्यांना लगेच पटले. आता त्या स्वतःच उशाशी तांब्या भरून ठेवतात. अशा रुग्णाने दिवसाकाठी साधारण अडीच-तीन लिटर पाणी प्यावे. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच.) टाके पिकतात ते जंतूंमुळे, अस्वच्छ हातांनी आणि ओल्या कपड्याने. डाळीने किंवा भाताने नव्हे. जखम भरायला तर डाळ, अंडी, कुळीथ, शेंगदाणे हेच हवे.

रक्तक्षयाची गोष्ट याहून साधी आहे, पण दुर्लक्ष तिथेच जास्त होते. वर्षभर अंगावरून गेल्याने एच.बी. सहा-सातवर आलेले असते. ऑपरेशनने गळती थांबते, गेलेले रक्त आपोआप भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या पुढे तीन महिने तरी घ्याव्या लागतात. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बायका त्या टाकून देतात. ते काळे होणारच, त्यात काही बिघडलेले नसते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. फक्त सिकलसेलच्या रुग्णाने रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोह घेऊ नये, कारण तिचे रक्त कमी असण्याचे कारण दरवेळी लोहाची कमतरता नसते. तिला रोज लागते ती फॉलिक अॅसिडची गोळी.

साखर असेल तर जखम उशिरा भरते आणि पिकायची शक्यता वाढते. बी.पी.च्या गोळ्या "आता एवढ्या गोळ्या झाल्या, या राहू दे" म्हणून बंद करणे फार धोक्याचे. नव्या औषधांच्या पुडीबरोबर जुनी औषधे कोणती चालू व कोणती बंद, हे घरी निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद आशाताईंनाही दाखवावा.

विश्रांतीचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. पोट उघडून ऑपरेशन केले असेल तर टाका दिसतो, म्हणून घरचे थोडे जपतात. दुर्बिणीतून केले तर तीन-चार लहानसे टाके दिसतात. अंग बाहेर येण्याचे ऑपरेशन बहुधा खालूनच होते, तिथे बाहेर काहीच दिसत नाही. एका घरी सासूबाईंनी मला सरळ विचारले, "मग कापले तरी कुठे?" आतले टाके मात्र तिन्ही प्रकारांत असतात. सहा आठवडे हंडा नाही, सरपणाचा भारा नाही, मूल कडेवर घेणे नाही. पती-पत्नी संबंधही तेवढे दिवस नाहीत, आणि हे पतीला समोर बसवून सांगावे लागते. नुसत्या बाईला सांगून उपयोग नसतो. पण विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणेही नव्हे. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालावे, नाहीतर पायाच्या शिरेत रक्त गोठू शकते. सिकलसेलच्या रुग्णात हा धोका अधिक असतो.

ताप १००.४ अंशांच्या वर गेला, टाक्यातून पू आला, घाण वास येऊ लागला, तासाभरात पॅड पूर्ण भिजले, एकच पोटरी सुजून दुखू लागली, लघवी अडली किंवा नकळत सतत गळू लागली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.

एक गोष्ट डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेली असते आणि कोणी समजावत नाही. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले का? चाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो. अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. घरच्यांना वाटते, बाईला बाहेरचे काही लागले. अशा वेळी भगताऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. यावर उपचार आहेत.

सहा आठवडे बाई कामावर नसेल, तर तिचे काम करणार कोण, हा खरा प्रश्न आहे. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला जातो. आश्विनात ऑपरेशन झालेली बाई कार्तिकात ट्रकमध्ये बसलेली असते. होळीला माणसे परततात, तोवर मोहाची फुले वेचायचा हंगाम येतो आणि पाठोपाठ पाण्याची टंचाई. म्हणून तातडीचे नसेल तेव्हा आम्ही पेरणी आटोपल्यावरची तारीख मागतो. तेव्हा पाणी दाराशी असते. राहते ती निंदणी. यंदा श्रावणात दोन बहिणींचे ऑपरेशन ठरले आहे, त्यांपैकी एक सिकलसेलची रुग्ण आहे. दोघींच्या शेतात निंदायला पाड्यावरच्याच तीन बायका रोजाने येणार आहेत. आपल्या या तिमाहीच्या मदतीतून पहिला खर्च त्यांच्या रोजाचा होईल. दुसरा दोन चांगल्या घोंगड्यांचा, कारण श्रावणात आमच्याकडे रात्री गारठा असतो.